वाटसरूला हटकणारी कविता

ग्वाल्हेरच्या फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. तिच्यावरची भा. रा. तांब्यांची कविता लढाईचं वर्णन करते, पण त्याआधी येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवते आणि डोळ्यांतून टिपं गाळायला सांगते.

या हाकेचं कूळ जुनं आहे. अथेन्सच्या संग्रहालयात क्रोइसोस नावाच्या तरुणाचा संगमरवरी पुतळा आहे, इ.स.पू. 530च्या सुमाराचा. बैठकीवरचं पद्य वाटसरूला हेच विनवतं: थांब, पहिल्या फळीत मारल्या गेलेल्या या पोरासाठी शोक कर. तांब्यांनी तिथूनच उचललं असेल असं नव्हे. थडगं वाटेकडेला असलं की वाटसरूलाच हटकावं लागतं.

आपल्या वीरगळांचं वळण मात्र निराळं. खालच्या चौकटीत झुंज नि मरण, मधे अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर. दगड रडायला सांगत नाही, स्वर्ग मिळाल्याची ग्वाही देतो. पोवाड्याला कीर्ती पुरते. तांबे शौर्य गातात खरे, पण आधी अश्रू मागतात.

आणि ग्वाल्हेरची ती लढाई रडावं अशीच होती. 1 जून 1858ला शिंद्यांची फौज बंडवाल्यांना मिळाली, जयाजीराव आग्र्याकडे पळाले. रावसाहेब पेशव्यांचा दरबार भरला, जेवणावळी उठल्या. तीन आठवडे व्हायच्या आत इंग्रज सेनापती ह्यू रोजने शहर परत घेतलं. राणी त्याआधीच कोटा-की-सरायजवळ पडल्या होत्या. 17 जून की 18, यावर अजून वाद आहे. जयाजीराव पुन्हा गादीवर बसले. पुढे त्याच शिंद्यांच्या दरबारी तांबे राजकवी झाले!

कवितेत राणी राहिल्या. झाशीची माणसं राहिली गद्यात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे निघाले होते दक्षिणेच्या आशेने. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असं त्यांच्या कानावर आलं होतं. सापडले बंडात. झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. गल्ल्यांतली कत्तल, पेटलेली घरं, लपून बसलेल्यांचे हाल, रस्त्यांतली प्रेतं, सगळं त्यांनी लिहून ठेवलं. ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली छापलं, तेही मूळ मजकुरात बरीच फिरवाफिरव करून.