औषधाची वाट : बगदादपासून धारणीपर्यंत

अमरावतीहून परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल असा घाट ओलांडून गाडी धारणीला पोहोचते, तेव्हा सुमारे दीडशे किलोमीटर मागे पडलेले असतात. पुढे मध्य प्रदेशची हद्द आणि बऱ्हाणपूरचा रस्ता. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, औषधांची दुकाने आहेत. पण धारणी गाव म्हणजे मेळघाट नव्हे. मेळघाट म्हणजे डोंगरांत विखुरलेल्या कोरकू वस्त्या, पावसाळ्यात भरून वाहणारे नाले आणि वीज गेली की दिवसदिवस अंधार. १९९३ पासून बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे या भागाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्यावर लिहिताना डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत, लोक भूमकाकडे जातात, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. जे औषध अखेर त्या वस्तीवर पोहोचते, ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते?

औषधाला दोन वाटा चालाव्या लागतात. पहिली कारखान्यापासून रुग्णाच्या हातापर्यंतची. दुसरी ओठांपासून किंवा सुईच्या टोकापासून आजाराच्या जागेपर्यंतची. दोन्ही पार पडल्या तरच ते औषध. आपण औषधाचे नाव विचारतो, किंमत विचारतो. पण त्याची गोळी का, सरबत का, सुई का, हे विचारत नाही. खरे तर औषधशास्त्राचा निम्मा इतिहास याच ‘का’चा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पूर्वजांचा वाटा मोठा आहे.

हा वाटा आपल्या मराठीतच जपलेला आहे. हकीम, अर्क, जुलाब, मलम, सरबत हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि घरचे झाले. मलम म्हणजे मूळचा मरहम. जुलाब म्हणजे मूळचे गुलाबपाणी. डॉक्टर लिहून देतात ते ‘सिरप’ आणि आपण पाहुण्यांना देतो ते ‘सरबत’ ही दोन्ही ‘पिणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूची लेकरे आहेत; एक युरोप फिरून आले, दुसरे इराणमार्गे आले.

युनानी हकिमांनी औषधाला जितकी रूपे दिली तितकी त्या काळात क्वचितच कोणी दिली असतील. हब्ब म्हणजे गोळी, कुर्स म्हणजे चपटी टिकिया, सफूफ म्हणजे चूर्ण, माजून म्हणजे मधात किंवा साखरेच्या पाकात कालवलेले औषध, जिमाद म्हणजे लेप, हुकना म्हणजे बस्ती, बखूर म्हणजे धुरी. ही नुसती नावांची श्रीमंती नव्हती. प्रत्येक रूपामागे विचार होता. खोकल्याचे औषध ‘लऊक’ म्हणून चाटायला दिले जाई, कारण चाटण घशाला चिकटून राहते. पाण्यासारखे चटकन उतरून जात नाही. माजूनात मध घालण्याचे कारण फक्त गोडी नव्हे. दाट मधात औषध सडत नाही, महिनोन्‌महिने टिकते. डोळ्याच्या आजाराला सुरमा, कारण दवा थेट जागेवर पोहोचावी.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने औषधाची मात्रा गणिताने ठरवता येईल का, यावर ग्रंथ लिहिला. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’चा पाचवा भाग केवळ संयुक्त औषधांसाठी आहे. अंदलूसच्या अज़-ज़हरावीने टिकिया पाडण्याच्या साच्यांचे वर्णन केले. म्हणजे प्रत्येक टिकिया सारख्या वजनाची व्हावी, ही काळजी हजार वर्षांपूर्वी घेतली जात होती. मात्र दवा पोटात गेल्यावर पुढे काय होते, हे समजून घेण्याची साधने या थोर माणसांकडे नव्हती. अनुभवाने त्यांना रूप कळले, कारण पुरते कळले नाही. ते कारण विसाव्या शतकाने शोधले.

तोंडाने घेतलेल्या गोळीला तीन नाकी ओलांडावी लागतात. पहिले नाके पोटातले आम्ल. पेनिसिलीनचा पहिला प्रकार याच नाक्यावर नष्ट होई, म्हणून तो सुईनेच द्यावा लागे. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, त्या सुमारास आम्लाला दाद न देणारे पेनिसिलीन-व्ही जगात आले आणि सुईच्या जागी गोळी शक्य झाली. इन्सुलिन हे तर प्रथिन. पोट त्याला डाळीसारखे पचवून टाकते. म्हणून १९२२ पासून आजतागायत मधुमेही सुई टोचून घेत आहेत.

दुसरे नाके आतड्याची भिंत. औषध आधी पाण्यात विरघळले पाहिजे आणि मग स्निग्ध पडद्यातून पार गेले पाहिजे. हे दोन गुण एकमेकांचे वैरी आहेत. जे पाण्याशी फार जमवून घेते, त्याला पडदा अडवतो. जे तेलाशी जमवते, ते मुळात विरघळत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत गॉर्डन अमिडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दोन गुणांवरून सगळ्या औषधांचे चार वर्ग पाडले. आज नवे औषध हाती आले की त्याचा वर्ग कोणता, हे लवकरच पाहिले जाते. जेन्टामायसिन हे प्रतिजैविक पाण्यात सहज विरघळते, पण आतड्याची भिंत ओलांडत नाही. त्याची गोळी कितीही गिळली, तरी रक्तातला जंतुसंसर्ग जागच्या जागी राहील.

तिसरे नाके यकृत. आतड्यातून निघालेले रक्त आधी तेथे जाते, आणि काही औषधांचा बराचसा भाग यकृत तेथेच मोडून टाकते. छातीत कळ आली की नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, ती याचसाठी. जिभेखालचे रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते. दम्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते; पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम असते. वीस ते चाळीस पट कमी औषध, तरी आराम लवकर आणि हातांची थरथर कमी, कारण ते फुप्फुसातच उतरते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो टाळणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

हा पंप भारतात घरोघरी नेणाऱ्यांत सिप्ला आघाडीवर राहिली. अलीगढमध्ये १८९८ साली जन्मलेले, जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत ती स्थापन केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांचे नाव २००१ साली जगभर झाले. एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरच्या वर होता. त्यांनी तो स्वयंसेवी संस्थेसाठी ३५० डॉलरवर आणला. किमतीची चर्चा खूप झाली. पण तिन्ही औषधे एकाच गोळीत बांधून सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, असे जे रूप तयार झाले, तेही तितकेच मोलाचे होते. मूठभर गोळ्यांत एखादी चुकते आणि विषाणू औषधाला सरावतो. एका गोळीत ती भीती कमी. ही तीन औषधे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेटंटखाली होती, त्यामुळे त्यांना एकत्र आणणे इतरांना अवघड होते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने ते येथे शक्य झाले. गोळीचा आकार कधी रसायन ठरवते, कधी कायदा.

पुढचे पाऊल मुलांसाठी पडले. एड्सबाधित बालकांना दिले जाणारे लोपिनाविर-रिटोनाविर हे पातळ औषध जहर कडू होते, त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल होते आणि ते थंड जागी ठेवावे लागे. शीतकपाट नसलेल्या घरातल्या बाळाने करावे काय? सिप्लाने त्याचे बारीक दाणे केले, जे मऊ अन्नात मिसळून भरवता येतात आणि ज्यांना शीतकपाट लागत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला प्राथमिक मान्यता दिली. औषध तेच होते. बदलले ते रूप, आणि रूपाबरोबर नशीब.

रुग्णाचे जगणे पाहून औषध घडवावे लागते, याचा दाखला आपल्याला रमजानमध्ये दरवर्षी मिळतो. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी रोजेदाराला जमत नाही. हळूहळू विरघळणारी, दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरणारी गोळी सहरी-इफ्तारच्या वेळेत बसते. १९९७ साली कासाब्लांका येथे उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले. डोळ्यांचे थेंब, त्वचेवरचे मलम, पोषणासाठी नसलेली इंजेक्शने आणि जिभेखालची गोळी गिळली नाही तर रोजा तुटत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. पंपाबाबत मतभेद आहेत. औषधाच्या मार्गाचा प्रश्न फिक्‌हच्या दारातही पोहोचला तो असा. अशा वेळी मनाने औषध बंद न करता रमजानआधीच डॉक्टरांना आणि जाणत्या आलिमांना विचारावे, हेच शहाणपण.

आता पुन्हा धारणी. न्यूमोनिया झालेल्या बाळाला दुकानातून अमॉक्सिसिलीनची कोरडी पूड असलेली बाटली मिळते. खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घाला, हलवा, थंड जागी ठेवा, आठवडाभरात संपवा, आणि हे सगळे छापलेले इंग्रजीत. नाल्याचे पाणी भरणाऱ्या, कोरकू बोलणाऱ्या आईने यातले काय काय पाळायचे? पाणी जास्त पडले की मात्रा कमी होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणाऱ्या गोळीची शिफारस केली. ती वजनाने हलकी, मोजायला सोपी, आणि उन्हाळ्यात खराब होण्याची भीती कमी.

क्षारसंजीवनीची पुडी हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आले. आतड्यात साखर आत शिरताना मिठाला सोबत नेते आणि मागोमाग पाणी जाते, एवढ्या साध्या गुणधर्मावर ते उभे होते. पण आधीच्या पुड्यांत खाण्याचा सोडा असे. दमट हवेत त्या ओल्या होऊन घट्ट होत. १९८४ च्या सुमारास सोड्याऐवजी सायट्रेट आले आणि पुडी टिकाऊ झाली. मेळघाटच्या पावसात हा बदल किती मोलाचा, हे सांगायला नको. आज एका लिटरची पुडी २०.५ ग्रॅमची आहे. जे काम सलाइनची बाटली, सुई आणि प्रशिक्षित हात यांच्याशिवाय होत नव्हते, ते आई वाटी-चमच्याने करू शकते.

जेथे रूप बदलता येत नाही, तेथे देणारा हात बदलावा लागतो. जेन्टामायसिनची गोळी होत नाही, हे आपण पाहिले. मग गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि हेच इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये त्यांनी मांडले की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या महान ट्रस्टने मेळघाटातल्या बायकांच्या हातून घरपोच बालोपचाराची वाट धरली. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घालवले. औषध सुईचेच राहिले. शिकवलेल्या हातांनी अंतर कापले.

बाळंतपणात रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते आणि तेही सुईनेच. वीज गेलेल्या उपकेंद्रात ते निकामी होते, पण बाटलीवर तसे दिसत नाही. म्हणून मिसोप्रोस्टॉलची गोळी महत्त्वाची, आणि म्हणूनच उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची, २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी दहा देशांत झाली. भारत त्यांत होता. विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलांची गोष्टही अशीच. हायड्रॉक्सियुरियाचे नेहमीचे कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमचे. दहा किलोच्या बाळाला लागतात साधारण दीड-दोनशे. कॅप्सूल फोडून पूड वाटणे म्हणजे अंदाजपंचे, आणि हे औषध अंदाजाने देण्यासारखे नाही.

यातून एकच गोष्ट समोर येते. औषध प्रयोगशाळेत जन्मते, पण त्याचे रूप ठरवताना ज्याचे घर नजरेसमोर असते, त्यालाच ते नीट लागू पडते. शीतकपाट, घड्याळ, इंग्रजी आणि स्वच्छ पाणी असलेला माणूस गृहीत धरला, की कोरकू आई आपोआप वगळली जाते. तिच्यावर अडाणीपणाचा शिक्का मारणे सोपे. तिच्या हाताला जमेल अशी पुडी बनवणे कठीण. पण तेच खरे शास्त्र.

आपली मुले-मुली आज फार्मसीकडे वळत आहेत. सातपुड्याच्याच दुसऱ्या टोकाला, अक्कलकुवा येथे, आपल्या संस्थेचे फार्मसी महाविद्यालय आहे. त्या मुलांनी इब्न सीनाचे नाव अभिमानाने घ्यावे, जरूर घ्यावे. पण लऊक चाटायला देणाऱ्या हकिमाने आधी रोग्याचा घसा पाहिला होता. त्याचा वारसा हवा असेल तर धारणीच्या पुढचा रस्ता जेथे संपतो, तेथल्या बाळाचे तोंड आधी पाहायला शिकावे लागेल.