वारसा आईचा कीं दुधाचा?

स्तनाचा कर्करोग आईकडून मुलीकडे येतो, ही समजूत घरोघर जुनी आहे. तिच्यांत तथ्य किती, हें ठरविण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्यांत पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमलाबाई रणदिवे या एक होत.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत; तेथील रोग्यास मुंबई गाठणें म्हणजे परराज्यांत जाणें. याच रुग्णालयांत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखालीं कमलाबाई काम करूं लागल्या. एम्. एस्सी.साठीं त्यांनीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींचीं गुणसूत्रें तपासलीं होतीं. पुढें विषय पालटला, सूक्ष्मदर्शक तोच राहिला! १९४९ सालीं डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेस गेल्या आणि परत येऊन काचपात्रांत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा त्यांनीं मुंबईंत उभारली.

उंदरांतील स्तनाचा कर्करोग त्यांनीं अभ्यासला. या प्रांतांत एक मोठी फसगत होती. रोगप्रवण जातीच्या मादीचीं पिलें जन्मतांच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीच्या दुधावर वाढविलीं, तर त्यांना रोग फार कमी होतो, असें अमेरिकेंत जॉन बिटनर यांनीं १९३६ सालीं दाखविलें. रक्ताचा मानलेला वारसा पुष्कळसा दुधाचा निघाला! दुधांतील तो घटक म्हणजे एक विषाणु. तो गुणसूत्रांत शिरून शेजारच्या जनुकास भलत्या वेळीं जागें करतो, हें नुसे व व्हार्मस यांनीं १९८२ सालीं सिद्ध केलें. वाट दुधाची, पण घाव जनुकावरच.

माणसांत मात्र दुधावर दोष ठेवण्यास आधार मिळाला नाहीं. उलट अंगावर पाजल्यानें आईचा धोका कांहींसा कमीच होतो. मेरी-क्लेअर किंग यांनीं १९९० सालीं सतराव्या गुणसूत्रावर ठाव लावलेलें 'बीआरसीए-१' हें जनुक १९९४ सालीं हातीं आलें. तुटलेला डीएनए सांधणें हें त्याचें काम. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात. एक सदोष मिळाली तरी दुसरीवर निभावतें. तीहि बिघडली म्हणजे पेशींत चुका सांचत जातात. सदोष प्रत बापाकडूनहि येते, हें मुद्दाम सांगावें लागतें, कारण बोल लागतो तो आईच्या माहेरालाच. शिवाय असे वारशाचे रोगी शेंकडा ५ ते १० इतकेच. इतरांचीं जनुकें बिघडतात तीं त्यांच्या हयातींत.

परभणीकडचे रोगी आजहि परळला येतात. घराण्यांत दोष सांपडला, तर तपासणीसाठीं बहिणीबरोबर भावासहि बोलावितात.