पाटोदा : बालाघाटाच्या माथ्यावरचा उगमप्रदेश

पाटोदा : महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील एक तालुका व त्याचे मुख्य ठिकाण. जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बालाघाट डोंगररांगेच्या पठारावर वसलेले. पश्चिमेस आष्टी तालुका, उत्तरेस शिरूर कासार, पूर्वेस बीड, तर दक्षिणेस अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड व धाराशिव जिल्ह्याचा भाग. शिरूर कासारचा बराच मुलूख पूर्वी पाटोद्यातच मोडत असे. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, नाहीतर एकाच नदीचा उगम दोन तालुक्यांत दाखवलेला आढळतो. बालाघाट म्हणजे ‘घाटाच्या वरचा’ मुलूख. ‘बाला’ हा फार्सी शब्द ‘वर’ या अर्थाचा. बीड जिल्ह्यात आजही ‘घाटावरचा’ आणि ‘गंगथडीचा’ असे माणसाचे मूळ सांगितले जाते. गंगा म्हणजे इथे अर्थातच गोदावरी. पाटोदा पूर्णपणे घाटावरचा आहे, आणि या तालुक्याविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते बहुतेक या एका गोष्टीतून निघते.

तालुक्याचे वर्णन करताना एक वाक्य हमखास येते : इतक्या नद्या उगम पावूनही पाटोदा दुष्काळी. वाक्य खरे आहे. त्यातला ‘ही’ मात्र तपासून पाहावा असा आहे. नद्यांचे उगम आणि पाण्याची टंचाई यांत विरोधाभास आहे असे तो सुचवतो. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे की या दोन्ही गोष्टी एकाच कारणाची दोन रूपे आहेत. नदी जिथून निघते तिथे ती नदी नसते. तिथे असतो एक उतार, एक घळ आणि पावसाळ्यात काही तास वाहणारा ओढा. नदी म्हणण्याजोगे पाणी साठेपर्यंत ती तालुक्याची हद्द ओलांडून गेलेली असते.

या नद्यांपैकी सर्वांत मोठी मांजरा. तिचा उगम पाटोदा तालुक्यात गवळवाडीच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटर उंचीवर होतो. तिथून ती पूर्वेकडे व पुढे आग्नेयेकडे वळते, बीड व धाराशिव जिल्ह्यांची सीमा आखत लातूर जिल्ह्यात शिरते, कर्नाटकातील बीदरमधून तेलंगणात उतरते आणि तिथे एक मोठे वळण घेऊन उत्तरेकडे निघते. सुमारे ७२४ किलोमीटरच्या प्रवासानंतर कंदकुर्तीच्या परिसरात ती गोदावरीला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र ३०,८४४ चौरस किलोमीटर आहे. तेरणा, तावरजा, घरणी, कारंजा, मन्याड अशा तिच्या उपनद्या, पण यांपैकी एकही पाटोद्यात नाही. मांजरेला नदीपण देणारे पाणी तिला खाली, दुसऱ्यांच्या शिवारांत मिळते. तिच्यावरची मोठी कामेही तशीच खालच्या अंगाला आहेत : केज तालुक्यात धनेगावचे मांजरा धरण, तेलंगणात सिंगूर आणि निजामाच्या राजवटीत १९२३ ते १९३१ या काळात बांधलेले निजामसागर. हैदराबाद शहराने कित्येक वर्षे जे पाणी प्यायले त्यातला काही अंश पाटोद्याच्या माळावर पडलेल्या पावसाचा आहे.

दुसरी नदी सिंदफणा. तिचा उगम चिंचोलीच्या डोंगरात, म्हणजे गहिनीनाथगडाच्या परिसरात सांगितला जातो. ती उत्तरेकडे शिरूर कासारवरून उतरते, पूर्वेस वळून माजलगावला जाते आणि मांजरथ येथे गोदावरीत विसर्जित होते. मांजरथ या नावावरून तो मांजरेचा संगम असावा अशी समजूत सहज होते, लिहिणाऱ्यांचीही झालेली आहे; पण मांजरा तिथून फार दूर, दुसऱ्याच राज्याच्या वेशीवर गोदावरीला भेटते. तिसरी बिंदुसरा, लोकांच्या तोंडी बेंदसुरा. वाघिऱ्याच्या डोंगरातून निघून पालीजवळच्या धरणातून ती बीड शहरात येते व पुढे सिंदफणेला मिळते. या तिन्हींचे पाणी शेवटी गोदावरीचेच.

चौथी विंचरणा मात्र वेगळ्या घरची. तालुक्याच्या दक्षिण कडेला सौताडा गावाजवळ पठार एकाएकी संपते. जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून पाहिले तर इथे काही खोल असेल असे वाटत नाही; सगळे सपाट, ज्वारीची रानं आणि मधूनच बाभळी. कडेला गेल्यावर दोनशे फुटांहून खोल दरी दिसते. विंचरणा या कड्यावरून खाली पडते, दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे आणि तिथवर उतरायला पायऱ्या आहेत. श्रावणात, विशेषतः सोमवारी, इथे माणसांची रीघ लागते. उन्हाळ्यात गेलेल्याला कड्यावर धारेच्या जागी काळपट पट्टा तेवढा दिसतो. खाली पडलेले पाणी जामखेडवरून सीना नदीकडे जाते, सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. निजामी राजवटीत पाटोदा हैदराबाद संस्थानात होता व जामखेड इंग्रजी अंमलाखालच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे त्या काळी ही नदी संस्थानातून निघून इंग्रजी मुलखात उडी घेत असे. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पाण्याची सीमा जिथल्या तिथे राहिली.

गोदावरी आणि कृष्णा या दक्षिणेतल्या दोन सर्वांत मोठ्या खोऱ्यांचा जलविभाजक अशा रीतीने या तालुक्यातून जातो. एखाद्या शेतकऱ्याच्या बांधाच्या एका अंगाचा पाऊस राजमहेंद्रीच्या पुलाखालून जायचा, दुसऱ्या अंगाचा विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरून. कायद्याच्या दृष्टीनेही हे दोन वेगळे हिशेब आहेत. कृष्णेच्या पाण्याचा निवाडा लवादाच्या १९७३ व १९७६ च्या अहवालांनी झाला, गोदावरीचा १९८० मध्ये. दोन्ही लवादांचे अध्यक्ष न्यायमूर्ती बच्छावतच होते. कृष्णा लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. असे आकडे खोऱ्याच्या पातळीवर ठरतात आणि धरणाच्या भिंतीपाशी मोजले जातात. ज्या माळावरून पाणी निघाले त्या माळाचे नाव त्या हिशेबात येत नाही. यात कुणाचा कट नाही. पाणी मोजायचे तर ते आधी एका जागी जमावे लागते, आणि माथ्यावर ते जमतच नाही.

माथ्यावर पाणी का ठरत नाही, हे विहीर खणताना स्पष्ट कळते. वर हात-दीड हात माती, काही ठिकाणी तेवढीही नाही. तिच्याखाली मुरूम, पावसाचे पाणी धरतो तो बहुधा हाच. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा, पांढरे-हिरवे खडे भरलेला खडक. (नदीच्या नावाशी या शब्दाचे साम्य आहे, पण त्यावरून व्युत्पत्ती काढण्याचा मोह टाळलेला बरा.) आणि मग काळा पाषाण, ज्यात भेग लागली तर पाणी, नाही तर सुरुंगाचा खर्च. हा सगळा लाव्हाच्या थरांचा दख्खनी खडक आहे, वाळूच्या भूमीसारखा पाणी सर्वत्र मुरवणारा नाही. मुरमात शिरलेले पाणीही उताराने सरकत सरकत घळीच्या काठाला पाझरून बाहेर येते. दिवाळीपर्यंत वाहणारे ओढे हेच पाझराचे पाणी घेऊन जात असतात. भरलेली विहीर माघ-फाल्गुनात तळ दाखवू लागते, ती केवळ उपशामुळे नव्हे; खालच्या गावच्या विहिरीकडे तिचे पाणी निघालेले असते.

यावर पहिला आक्षेप पावसाचा. पाटोदा पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे, बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर. एवढ्या पावसात टंचाई असणारच, त्यासाठी उंचीचा सिद्धान्त कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पाऊस कमी आहे, त्याहून वाईट म्हणजे बेभरवशाचा आहे. पण पावसानेच सगळे उलगडत असते तर कोकणात टँकर फिरले नसते. रत्नागिरी-रायगडच्या डोंगरवाड्यांवर पाटोद्याच्या चौपट-पाचपट पाऊस पडतो. तिथल्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून निघून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतच खाडीला मिळतात, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच डोंगरवाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन उतरतात. पाऊस पाचपट, उतार तीव्र, खडक बराचसा तसाच, परिणाम ओळखीचा. उलट बाजूने पाहिले तर गंगथडीच्या माजलगावात पाऊस पाटोद्याहून फारसा वेगळा नाही. तिथे ऊस उभा आहे तो सिंदफणेवरच्या माजलगाव धरणामुळे, आणि त्या धरणाला जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून गोदावरीचेही पाणी येते. पाऊस सारखा असताना एका तालुक्यात कारखाने आणि दुसऱ्यात चारा छावण्या, हा फरक उंचीचा आहे.

दुसरा आक्षेप असा की मग वरच धरणे बांधावीत. लहान-मध्यम तलाव पाटोद्यात झालेले आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे. मोठ्या धरणाला मात्र वरच्या अंगाला मोठे पाणलोट लागते, आणि पाटोद्याच्या वर काहीच नाही. पाटोदा हेच इतरांचे वरचे अंग आहे. बिंदुसरेचे उदाहरण इथे बोलके आहे. एवढीशी नदी, वर्षातले बरेच महिने कोरडी, तरी २३ जुलै १९८९ रोजी तिने बीड शहरात हाहाकार केला, माणसे दगावली आणि वस्त्या वाहून गेल्या. उगमाकडच्या मुलखाचा हाच स्वभाव : पाणी येते तेव्हा सगळे एकदम येते, आणि जाते तेव्हा मागे काही ठेवत नाही. बीडच्या दक्षिणेला निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर या स्वभावाची जाण ठेवून रचलेली दिसते. वाहते पाणी अडवण्याच्या भानगडीत ती पडत नाही. जमिनीखालचा पाझर भुयारांतून आत घेते व भुयारातूनच खालच्या शेतांकडे सोडते. अर्थात तीही डोंगराच्या पायथ्याशी आहे, माथ्यावर नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पाऊस पाटोद्याहून कमी, गावही उंचावरचे, आणि तरी तिथे पाणी टिकले. मग उंचीला दोष देणे ही सबब नाही का? हिवरे बाजारने काय केले ते नीट पाहिले तर उत्तर मिळते. डोंगरउतारावर चर खणले, नाल्यांवर बांध घातले, हे अनेक गावांनी केले. हिवरे बाजारने त्याखेरीज शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस-केळीसारखी पिके नाकारली आणि दरवर्षी पाणी मोजून मग पिके ठरवली. म्हणजे आपण माथ्यावर आहोत, वरून येणारे पाणी नाही, हे गृहीत धरून त्यांनी व्यवहार बसवला. या उदाहरणाने उंचीचे म्हणणे खोडले जात नाही, त्याला पुष्टी मिळते. पाटोद्यात २०१४ नंतर जलयुक्त शिवारची कामे झाली, नाले रुंद झाले, आणि त्याच काळात बोअरही खोल गेले. एका हाताने मुरवायचे आणि दुसऱ्याने मुरमाच्या कितीतरी खालून उपसायचे, याचा हिशेब कोणत्याही गावात जुळणारा नाही.

माथ्याला मानवणारे काय, याची खूण तालुक्याच्या निसर्गातच आहे. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर सीताफळ कुणी पाणी न देता येते, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. नायगावच्या मयूर अभयारण्यातले मोर अशाच काटेरी, विरळ रानात राहतात. बाजरी, तूर, उडीद, रब्बीची ज्वारी ही जुनी पिके याच हिशेबातली. सोयाबीन आणि कापूस नंतर आले; भाव बरा मिळतो हे त्यांच्या बाजूने, एका उघडिपीत माना टाकतात हे विरुद्ध.

गंमत अशी की निसर्गाने पाटोद्यात वेगळे केलेले पाणी माणसाने इतरत्र एकत्र आणले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. कृष्णेचे पाणी मांजरेच्या शहरात वाघिणींतून आले. आंध्रात पट्टीसीमा येथे गोदावरीचे पाणी उपसून कालव्याने कृष्णेत सोडले जाते. विभाजक ओलांडण्याची ही सगळी खटपट खाली, जिथे शहरे आणि मोठी शेती आहे, तिथे चालते. विभाजक ज्या पठारावर आहे तिथे त्यातले काही येत नाही, कारण पाणी वर चढवायला वीज लागते आणि वरच्या शेताचे उत्पन्न ते बिल पेलत नाही.

वरून खाली जाते ते पाणी एकटे नाही. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर या घाटावरच्या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दरवर्षी सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी घेतलेली ‘उचल’ हंगामभर फेडायची. कुणी म्हणेल, याला कर्ज, जमिनीची वाटणी, रोजगार हमीची ढिलाई अशी सामाजिक कारणे आहेत, नद्यांचा काय संबंध? कारणे खरीच आहेत. पण ज्यांना रब्बीला दोन पाणी मिळते ते गंगथडीचे लहान शेतकरी इतक्या संख्येने कोयता उचलत नाहीत. तालुक्यातल्या सावरगाव घाटला दसऱ्याचा मेळावा भरतो, आणि तो झाला की गावोगावी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत संसार चढू लागतात : पत्रे, तुराट्या, पिठाचे डबे, शेळी, लहान पोरे. सौताड्याच्या कड्यावरची धार त्या सुमारास बारीक झालेली असते.