सावळ्या चेहऱ्यावरचा लेझर

गोंदियाहून येणारा रस्ता मुंबई–कोलकाता महामार्गाला मिळतो ते कोहमारा सडक अर्जुनी तालुक्यातलं. इथल्या धानपट्ट्यात बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, राबणाऱ्या बाईचं वय चेहऱ्यावर आधी रंगातून दिसतं. मेलॅनिन या कातडीतल्या रंगद्रव्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात. गालांवर वांग मात्र लवकर उमटतो. चेहरा तरुण करणाऱ्या लेझरचा इतिहास सुरू झाला तो सुरकुत्यांपासून, आणि त्याही गोऱ्या चेहऱ्यांवरच्या. सावळ्या रुग्णांनी पुढे जे सोसलं त्याचं मूळ यंत्रापेक्षा या सुरुवातीत आहे, असं माझं मत आहे.

बारामतीत जन्मलेल्या, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. त्याचा किरण कातडीतलं पाणी शोषतं आणि वरचा थर वाफ होऊन उडतो. १९९०च्या दशकात सुरकुत्यांवर तो सर्रास वापरला गेला. पाणी तर सगळ्यांच्याच कातडीत असतं, मग रंगाचा संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध येतो जखम भरताना. भाजल्यावर सावळ्या कातडीतल्या रंगपेशी चवताळतात आणि काही आठवड्यांनी, रुग्ण घरी परतल्यावर, काळा डाग उमटतो; कधी होता तो रंगही उडतो. कातडीच्या प्रकारांच्या ज्या मोजपट्टीवरून आजही लेझरच्या मात्रेचा अंदाज बांधतात, ती त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली गोऱ्या कातडीसाठी आखली होती. सावळ्या-काळ्या कातडीचे वेगळे प्रकार तिच्यात मागाहून आले.

आता तो काळ सरला, असंही म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. २००४मध्ये फ्रॅक्शनल पद्धत आली. रोवणीत दोन रोपांमध्ये जागा सोडावी तशी ती भाजलेल्या सूक्ष्म ठिपक्यांमध्ये शाबूत कातडी राखते, म्हणून जखम लवकर भरते. १०६४ नॅनोमीटरचा किरण मेलॅनिन कमी शोषतं, हाही मोठा दिलासा. पण लेझरनंतर ऊन टाळा, हा सल्ला सावलीत काम करणाऱ्यालाच पाळता येतो. म्हणून बांधीत उतरणाऱ्या बाईला आधी विचारावं, रोवणी कधी, कापणी कधी. कानामागे छोटी चाचणी घेऊन काही आठवडे थांबावं. वांग असेल तर सुरुवात उन्हापासून बचावाने आणि लावायच्या औषधाने करावी, कारण लेझरच्या उष्णतेने तो आणखी गडद होऊ शकतो.