गॉडफ्रीचे पदक : ‘डॅड्स आर्मी’ आपल्याला का हसवते?

१/ गणवेशातले म्हातारे, हातात धड बंदूक नाही आणि समोर हिटलर! बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेने १९६८ ते १९७७ या काळात ८० भागांतून ब्रिटनला हसवले. तिच्या लोकप्रियतेचे मूळ खऱ्या इतिहासात आहे.

२/ १४ मे १९४०. जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या होत्या. युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी नभोवाणीवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना स्थानिक संरक्षणासाठी साद घातली. काही आठवड्यांतच दहा लाखांहून अधिक लोक पुढे आले. हेच ‘होमगार्ड’. प्रारंभी अनेकांनी काठ्या व शिकारीच्या बंदुका घेऊन पहारे दिले.

३/ मालिकेची कल्पना जिमी पेरी यांची. ते स्वतः किशोरवयात होमगार्डमध्ये होते. डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह त्यांनी वर्गभेदावर नेमके बोट ठेवले. बँकेचा मॅनेजर मॅनरिंग हा कॅप्टन; त्याच्या हाताखालचा विल्सन सार्जंट, पण घराणे उच्चभ्रू. हुद्दा एकाकडे, खानदानी रुबाब दुसऱ्याकडे.

४/ १९६९ चा ‘ब्रँडेड’ हा भाग पाहाच. वृद्ध, मवाळ गॉडफ्री कबूल करतो की, पहिल्या महायुद्धात त्याने विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला होता. सोबती त्याला वाळीत टाकतात. पुढे धुराने कोंडलेल्या खोलीतून मॅनरिंगला तोच वाचवतो. मग उलगडते की, सोमच्या रणभूमीवर वैद्यकीय पथकात राहून त्याने जखमींचे प्राण वाचवले होते आणि त्यासाठी त्याला मिलिटरी मेडल मिळाले होते.

५/ ही भूमिका करणारे अर्नोल्ड रिडली १९१६ साली त्याच सोमच्या लढाईत खरोखर लढले होते. तिथल्या जखमांनी त्यांचा डावा हात जवळजवळ निकामी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा सैन्यात गेले आणि नंतर होमगार्डमध्येही. ज्या थरथरत्या म्हाताऱ्याला प्रेक्षक हसत होते, त्याने ते युद्ध अंगावर झेललेले होते.

६/ जर्मन आक्रमण आलेच नाही. डिसेंबर १९४४ मध्ये होमगार्डला निरोप देण्यात आला. इतिहासग्रंथ लढलेल्या लढायांची नोंद ठेवतात. जी लढाई झालीच नाही, तिच्यासाठी रात्री जागवणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच एखादे पान येते. या मालिकेने त्यांची फजिती दाखवली, पण त्यांच्या तयारीवर कधी संशय घेतला नाही. म्हणूनच आपल्या हसण्यात उपहास नसतो, आदर असतो.