अरुंधती, ध्रुव आणि गल्लीतला दिवा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अरिष्टलक्षणांची, म्हणजे मृत्यू जवळ आल्याच्या खुणांची, चर्चा आहे. माणसाची ज्ञानेंद्रिये अखेरीस कशी दगा देतात ते सांगताना तेथे तीन नावे एका दमात येतात. ज्याला अरुंधती दिसत नाही, ध्रुव दिसत नाही, आकाशगंगा दिसत नाही, तो गतायुष समजावा.

हा उल्लेख प्रथम वाचला त्या रात्री मी गोंदियातील आमच्या घराच्या गच्चीवर गेलो. उत्तरेला ध्रुव सापडला, पण शोधावा लागला. सप्तर्षीतील वसिष्ठ दिसला, त्याच्या कुशीतली अरुंधती दिसली नाही. आकाशगंगेचा प्रश्नच नव्हता; ती आमच्या गच्चीवरून शेवटची कधी पाहिली हे मला वही उघडून शोधावे लागले. वयाची पंचावन्न वर्षे उलटली असली, तरी डोळ्यांत मोतीबिंदू नाही, डॉक्टरांनी तपासले आहे. त्याच आठवड्यात नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर उभा राहिलो, तेव्हा तिन्ही गोष्टी स्वच्छ दिसल्या. दुखणे डोळ्यांचे नव्हते.

ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती असतात. आकडा जितका मोठा, तितका तारा फिका. ध्रुव साधारण दुसऱ्या प्रतीचा, अरुंधती चौथ्या प्रतीची. खऱ्या अंधारात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. आकाशगंगेचा पट्टा दिसायला आकाश त्या मर्यादेच्या जवळपास काळे असावे लागते. म्हणजे प्राचीन वैद्याने डोळ्यासाठी सांगितलेल्या तीन पायऱ्या आज आकाशाची परीक्षा घ्यायला जशाच्या तशा वापरता येतात. ध्रुव बहुतेक शहरांतून दिसतो. अरुंधती दिसली तर वस्ती बरी म्हणायची. आकाशगंगा दिसली तर अंधार शिल्लक आहे. गोंदियाचे अक्षांश साडेएकवीस असल्याने आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर, म्हणजे बराच खाली असतो. शहरी उजेडाची धूसर भिंत क्षितिजालगतच सर्वांत जाड असते, त्यामुळे आम्हाला पहिल्या पायरीवरच धाप लागते.

स्थलांतराचा इतिहास

आकाश किंवा पृथ्वी यांचे सूक्ष्म मापन करणाऱ्यांना शहराने बाहेर काढल्याची महाराष्ट्रातील जुनी नोंद मुंबईची आहे. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा स्थापली. पुढे ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मापनासाठी जगभर नावाजली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर ट्राम चालवायचे ठरले आणि ट्रामच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे बिघडणार हे उघड झाले. येथे शत्रू प्रकाश नव्हता, वीज होती, हे नीट लक्षात घ्यावे. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबाग निवडले. चुंबकाला बाधा न आणणारे साहित्य वापरून तेथे इमारत उभी राहिली, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि मगच काम हलवले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ती दोन वर्षांची जोडनोंद मला या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. जुन्या जागेची आणि नव्या जागेची सांगड घालून ठेवली, म्हणून मागच्या साठ वर्षांच्या नोंदी वाया गेल्या नाहीत.

प्रकाशाने हाच खेळ पुढे अनेक ठिकाणी केला. हैदराबादची निजामिया वेधशाळा बेगमपेठेत होती; शहर वाढले आणि उस्मानिया विद्यापीठाची ४८ इंची दुर्बीण १९६८ मध्ये शहराबाहेर, जपाळ-रंगापूरला बसवावी लागली. पुण्यातील आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्यात नाही. ती सुमारे ऐंशी किलोमीटर दूर गिरवलीच्या डोंगरावर आहे, २००६ पासून. हौशी मंडळींचेही तेच झाले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था. ती स्थापन झाली तेव्हा पुण्याच्या पेठांतून आकाशगंगा दिसत असणार. मुंबईच्या खगोल मंडळाने आकाशदर्शनाच्या रात्री नेरळजवळच्या वांगणीला नेल्या.

या सर्व उदाहरणांत उत्तर एकच आहे: उजेड आला की आपण निघायचे. संस्थेला जमीन मिळते, अनुदान मिळते. मुंबईकराला रात्रीची लोकल मिळते. ज्याचे निरीक्षणस्थळ म्हणजे घरचे अंगण, त्याला हलता येत नाही. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत ताऱ्यांची नावे आहेत, त्याला तर मुळीच हलवता येत नाही. दिवा आपल्या जागी आणि आपण आपल्या जागी, असे दोघांनी राहायचे कसे, हा माझ्यासारख्याचा प्रश्न आहे.

चिमणीपासून एलईडीपर्यंत

माझ्या लहानपणी आमच्या खेड्यात घरात चिमणी किंवा कंदील आणि मंडईच्या रात्री दंडारीला गॅसबत्ती, एवढाच उजेड. मग खांब आले, पिवळे बल्ब आले. ते इतके मंद असत की खांबाच्या बुडाशीच काय तो उजेड पडे. पुढे ट्यूबलाइट, मग पाऱ्याचे आणि सोडियमचे दिवे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, जिल्ह्याच्या ठिकाणाला शोभतील असे रस्ते आणि चौक झाले. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांवरील जुने दिवे बदलून एलईडी बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. विजेची बचत झाली, ती खरीच मोठी होती. पण दिवा स्वस्त पडू लागला की माणूस दोनाऐवजी चार लावतो.

आकाशाच्या दृष्टीने पांढरा एलईडी सोडियमपेक्षा वाईट, याची दोन कारणे आहेत. त्याच्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो आणि हवेत निळा प्रकाश लाल-पिवळ्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतो; दिवसा आकाश निळे दिसते ते याच कारणाने. दुसरे, सोडियमचा प्रकाश मुख्यत्वे पिवळ्या रंगात एकवटलेला असतो, त्यामुळे दुर्बिणीला गाळणी लावून तो बराचसा अडवता येई. एलईडी सगळ्या रंगांत पसरलेला असतो, गाळणीने त्याला अडवायला जावे तर ताराही अडतो. त्यात आमच्याकडे राइस मिलची धूळ आणि हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवरून उठणारे धुके.

माझ्या वहीतील दोन नोंदी शेजारी ठेवतो. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आमच्या अंगणातून सगळ्या मोहल्ल्याने पाहिला, शेजारच्या काकूंनी तर हातातला चहा विसरून. ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू पाहायला मला मोटरसायकलने गावाबाहेर जावे लागले. धूमकेतू सारखे नसतात, दुसरा पहिल्याइतका ठळक नव्हता, हे मान्य. तरी अंगणातून त्याचा मागमूसही लागू नये, हे धूमकेतूचे अपयश नव्हते.

जगाचा हिशेब याहून स्पष्ट आहे. २०११ ते २०२२ या काळात स्वयंसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला, की रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. या वेगाने आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो. त्या नोंदींपैकी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या होत्या. आपल्याकडच्या अंगणांतून नोंद फारशी जात नाही, म्हणून आपला तोटा कोणाच्या खात्यावर चढतही नाही.

नावे तोंडात, तारे गायब

आमचा मुलूख धानाचा. पऱ्हे केव्हा टाकायचे, रोवणी केव्हा, हे आजही नक्षत्रांवरून बोलले जाते. मृग, आर्द्रा, ‘तरणा’ म्हणजे पुनर्वसू, ‘म्हातारा’ म्हणजे पुष्य. पण सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र त्या दिवसांत सूर्याच्या तेजात बुडालेले असते, दिसत नाही. मृग पाहायचा तो हिवाळ्यात. धानाची राखण करणारे जागलीवर बसत, तेव्हा मृगाचे तिकांडे माथ्यावर आले की रात्र किती झाली ते कळे. पावसाळी नक्षत्र पंचांगातून आले आणि टिकले. हिवाळी नक्षत्र डोळ्यांतून आले होते, ते घड्याळाने आणि दिव्याने मिळून घालवले.

गोंड समाजाच्या आकाशज्ञानाची पद्धतशीर पाहणी मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी केली. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेशातील सुमारे पंधरा गावांत फिरून त्यांनी २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला टपलेले चोर. मृगात दिसतो तो नांगर. ही कल्पना आपल्या मराठी खेड्यांतल्या ‘बाजल्या’शी किती जवळची आहे! ही ठळक नावे वाचली, कारण ते तारे ठळक आहेत. फिक्या ताऱ्यांची नावे आधी जातात.

देवरी आणि सालेकसा तालुक्यांत हिंडताना मला याचा प्रत्यय आला. एका गावात ऐंशीच्या घरातील एका आजींनी एका फिक्या पुंजक्याचे नाव सांगितले. दोन ठळक ताऱ्यांच्या मागे पिठाच्या चिमटीसारखे काहीतरी असते, असे वर्णन. पुनर्वसूच्या मागचा पुष्याचा तारकागुच्छ असावा, असा माझा अंदाज. दाखवा म्हटले, तर त्यांनी हात वर केला आणि समोरच्या खांबावरच्या दिव्याने त्यांचे डोळे मिटले.

“अथीच असते, बापू. दिव्यानं खाल्लं.”

आकाशात बोट ठेवल्याशिवाय नाव पक्के होत नाही. म्हणून ते नाव मी येथे छापत नाही. माझ्या वहीत अशी सात नावे प्रश्नचिन्हासह पडून आहेत.

झापडे

स्वतःच्या गच्चीवर मी जे उपाय केले ते आधी सांगतो. दिव्याच्या बाजूला बांबूवर काळी ताडपत्री बांधली. डोक्यावर काळे कापड घेऊन दुर्बिणीत पाहिले. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत दिव्याने तो सराव क्षणात मोडतो, म्हणून विजेरीला लाल कागद लावला. मोहल्ल्यात थोडी चर्चा झाली, एकदा पोलीसही विचारून गेले.

मग खांबावरच्या दिव्याला झापडे लावावे, असा अर्ज केला. मोहल्ल्यातील बायकांनी आधी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्याकडे पावसाळ्यात साप निघतात, उशिरा कामावरून परतणाऱ्या मुली त्याच रस्त्याने येतात. दिवा घालवायचा नाही, त्याचा आकाशात आणि लोकांच्या खिडक्यांत वाया जाणारा उजेड रस्त्यावर आणायचा आहे, हे मी पुठ्ठ्याचा तुकडा आणि विजेरी घेऊन दारोदार दाखवले. परवानगीला चौदा महिने लागले. पत्र्याचे झापडे बसले त्या रात्री रस्ता अधिक उजळ झाला आणि गच्चीवरून अरुंधती दिसली. आकाशगंगा दिसली नाही. डोळ्यांत घुसणारी झळ एका दिव्याची असते, ती एका झापडाने जाते. आकाशभर पसरलेला उजाळा सगळ्या गावाचा असतो.

सगळ्या गावाचे काय करायचे, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराने १९५८ मध्येच जवळच्या वेधशाळेसाठी आकाशात फिरणाऱ्या जाहिरातींच्या झोतांवर बंदी घातली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, खापा यांसारख्या भोवतालच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. गावे उठवली नाहीत, काळोखातही ठेवली नाहीत. कुलाबा ते गिरवली या शंभर वर्षांत आकाश पाहणारा हलला. पेंचमध्ये दिवा हलला. आमच्या जिल्ह्यातही नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आहे, त्याभोवती गावे आहेत. जे पेंचला जमले ते येथे न जमण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र माझ्या सात प्रश्नचिन्हांना तेवढी सवड नाही. कुलाब्याने जागा सोडण्यापूर्वी दोन वर्षे जोडनोंदी घेतल्या, तशी जोडनोंद आज लोकांच्या आकाशाची व्हायला हवी: नाव सांगणारा माणूस आणि तारा, दोन्ही एकाच वेळी हजर असताना. आजींनी त्याचा मार्ग सुचवला होता. “लाइन जाईल तवा ये.” मी तीनदा मुक्कामाला गेलो. तिन्ही वेळा लाइन गेली नाही. वीजपुरवठा आता चांगला आहे, आणि त्याबद्दल तक्रार कशी करावी!

अखेर गेल्या महिन्यात त्या गावच्या सरपंचांकडे गेलो. पौषातल्या अमावास्येला, पुष्य पूर्वेला पुरेसा वर आल्यावर, आजींच्या घरासमोरचे चार दिवे अर्धा तास बंद ठेवा, एवढेच मागितले. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले. थोडा विचार करून ते म्हणाले, “अर्धा कशाला, तास घ्या. फक्त म्हातारीला थंडी लागू देऊ नका.”