तोट्याची फेरी कोणाच्या पैशावर? एसटी आणि १९५०च्या कायद्यातील दोन कलमे

१/
तालुक्याच्या बसस्थानकातून संध्याकाळी उशिरा एक गाडी सुटते. पाटीवर एखाद्या लहानशा गावाचे नाव असते. गाडी रात्री त्या गावातच थांबते, चालक-वाहक शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत पाठ टेकतात आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरू यांना घेऊन तालुक्याला परतते. ही 'मुक्कामी गाडी'. या एका फेरीचा हिशेब वेगळा मांडला, तर ती बहुधा तोट्यातच निघते. तरीही अशा फेऱ्या कित्येक दशके धावत राहिल्या. त्या कोणाच्या पैशावर धावल्या, हा एसटीच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

२/
आधी एसटीपूर्वीचा काळ. १९२०च्या दशकापासून मुंबई इलाख्यात खासगी 'सर्व्हिस मोटारी' धावू लागल्या. मोटार धावे ती मालकाच्या सोयीने. उतारू भरले की निघायचे, नाही भरले तर थांबायचे. वर्दळीच्या रस्त्यावर चार मालकांत उतारूंसाठी ओढाताण, तर आडरस्त्यावरच्या गावाला एकही मोटार नाही. पावसाळ्यात रस्ता चिखलात गेला की सेवाही बंद. गाव आणि बाजारपेठ यांच्यातील हे नाते कोणत्याही वेळापत्रकाने बांधलेले नव्हते.

३/
सरकारने या व्यवसायात लक्ष घातले, ते प्रथम रेल्वेच्या काळजीपोटी. मोटारी रेल्वेचे उतारू पळवतात, ही तक्रार वाढल्यावर मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांनी रस्ता-रेल्वे स्पर्धेची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९३३चा. पुढे १९३९चा मोटार वाहन कायदा आला आणि त्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांच्या हाती परवान्यांचे अधिकार दिले. कोणत्या मार्गावर कोणी मोटार चालवावी, हे प्राधिकरण ठरवू शकत होते. पण ज्या मार्गासाठी कोणी अर्जच केला नाही, तिथे मोटार आणायची कोणी? परवाना देणाऱ्याकडे स्वतःची गाडी नव्हती.

४/
दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. अनेक मोटारी कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. युद्ध संपले तेव्हा गाड्या झिजलेल्या होत्या आणि प्रवाशांची गरज मात्र वाढलेली होती. या स्थितीत मुंबई प्रांताच्या सरकारने स्वतःच बससेवा चालवायचे ठरवले. तेव्हा बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या बेडफर्ड गाड्यांची बांधणी लाकडी होती आणि आसने काथ्याची. आजचा ओळखीचा लाल रंग तेव्हा नव्हता. त्या गाड्या निळ्या आणि रुपेरी होत्या.

५/
दोन वर्षांनी संसदेने मार्ग परिवहन महामंडळे अधिनियम, १९५० मंजूर केला. एसटीची पुढची सारी कहाणी या कायद्यातील दोन कलमांत साठलेली आहे. कलम १८ महामंडळाचे कर्तव्य सांगते: राज्यात कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट समन्वय साधलेली रस्ते वाहतूक पुरवणे. कलम २२ पैशाचे तत्त्व सांगते: महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. एका कलमाने गाडी आडगावी पाठवली आणि दुसऱ्याने तिचा खर्च भागवायची जबाबदारीही तिच्यावरच टाकली.

६/
कायदा करणाऱ्यांना यात विसंगती दिसली नसावी, कारण त्यांच्यासमोर नफ्याचे चित्र होते. याच कायद्याच्या कलम ३०मध्ये, ठरलेली देणी व तरतुदी वजा जाता उरलेला नफा राज्य सरकारकडे रस्तेविकासासाठी सोपवावा, अशी व्यवस्था आहे. बसने पैसा मिळवावा, त्या पैशातून रस्ते व्हावेत आणि त्या रस्त्यांवर पुन्हा बस जावी, असा तो आशावाद होता. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी' हे ब्रीद याच विचाराच्या वळणावरचे आहे.

७/
ही दोन कलमे व्यवहारात कशी जुळवली गेली? उत्तर तिकिटात आहे. एसटीचे भाडे 'टप्प्या'वर ठरते आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. साध्या गाडीचा टप्प्याचा दर राज्यभर सारखा. महामार्गावर खच्चून भरलेल्या गाडीतला प्रवासी आणि डोंगरातल्या वस्तीवर चौघांसह उतरणारा प्रवासी एकाच दराने पैसे देतात. पहिल्या गाडीत खर्च वजा जाता जे उरते, ते दुसऱ्या गाडीच्या तुटीत भरले जाते. अर्थशास्त्रात याला अंतर्गत अनुदान म्हणतात. मोठे शेत थोरल्याच्या नावावर आणि चूल एकच, अशा एकत्र कुटुंबाचा हा हिशेब होता.

८/
असा हिशेब चालायला एक अट असते. नफ्याचे मार्ग दुसऱ्याच्या हाती जाता कामा नयेत. म्हणूनच राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरला गेला आणि त्यातूनच न्यायालयीन लढाया झाल्या. खासगी मालकांच्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा प्रश्न खरा होता. कित्येकांची उपजीविका त्या एका मोटारीवर होती. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६)मध्ये राज्याच्या मक्तेदारीला वाट करून दिली. तरी १९५४मध्ये सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा वाहतूक-राष्ट्रीयीकरणाचा कायदा अवैध ठरवला.

९/
त्यानंतर १९५६मध्ये मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. एखादा मार्ग किंवा प्रदेश महामंडळाकडे घ्यायचा, तर आधी योजना प्रसिद्ध करायची, बाधितांच्या हरकती ऐकायच्या आणि मग ती मंजूर करायची, असा रस्ता ठरला. म्हणजे मक्तेदारी एका हुकमाने आलेली नाही. ती मार्गागणिक, हरकतींना उत्तरे देत आली. महाराष्ट्रात हे काम सत्तरच्या दशकापर्यंत चालू होते.

१०/
दरम्यान प्रदेशच बदलत होता. मराठवाड्याची वाहतूक-परंपरा वेगळी होती. निजामाच्या राज्यात रेल्वेच्याच रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली होती. ब्रिटिश मुलखात रेल्वे आणि मोटार एकमेकींच्या वैरी ठरत असताना तिथे दोन्ही एका छपराखाली होत्या. विदर्भात नागपूरच्या प्रांतिक परिवहन सेवेच्या गाड्या धावत. १९५६च्या राज्य पुनर्रचनेने हे दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १९६०मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि १९६१मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या रूपाने तिन्ही धारा एकत्र आल्या. भाषेने जोडलेले राज्य दररोज प्रत्यक्ष जोडण्याचे काम या गाड्यांकडे आले.

११/
एवढा पसारा चालतो कसा? मुंबई सेंट्रलचे मध्यवर्ती कार्यालय धोरण, खरेदी आणि भाडे पाहते. त्याखाली ३१ विभाग आणि प्रत्येकावर विभाग नियंत्रक. विभागांखाली सुमारे अडीचशे आगारे. आगार व्यवस्थापकाकडे गाड्या, चालक, वाहक, डिझेल आणि दुरुस्ती यांचा रोजचा मेळ. स्थानकावरचा वाहतूक नियंत्रक गाडी वेळेवर सोडतो. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्यांची बांधणी आणि मोठी दुरुस्ती होते.

१२/
या व्यवस्थेतील खरे कसब गाडीच्या दिनक्रमात दिसते. पहाटे मुक्कामाच्या गावाहून निघालेली गाडी तालुक्याला येते. शाळा-कॉलेजची आणि बाजाराची माणसे उतरली की त्याच गाडीला पाटी बदलून जिल्ह्याच्या किंवा पुण्या-मुंबईच्या लांब मार्गावर पाठवता येते. लांबची फेरी कमावते आणि जवळची फेरी पोहोचवते. गाडी आणि डिझेल तेच. म्हणूनच एकीचा तोटा दुसरीपासून तोडून मोजणे कठीण असते. समन्वय या शब्दाचा कायद्यातील अर्थ आगारात असा दिसतो.

१३/
हाच समन्वय आषाढीला सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडतो. पंढरपूरसाठी राज्यभरच्या विभागांतून गाड्या मागवल्या जातात. गणपतीत मुंबईहून कोकणात जादा गाड्या सुटतात. त्या काही आकाशातून पडत नाहीत. कोठल्या तरी आगाराच्या नेहमीच्या फेऱ्या कमी होतात, तेव्हा त्या उपलब्ध होतात. यात्रेकरूची सोय आणि रोजच्या प्रवाशाची गैरसोय यांचा तोल दरवर्षी नव्याने साधावा लागतो.

१४/
तिकिटाच्या हिशेबात न मावणारेही बरेच काही या गाडीने वाहिले. शहरात शिकणाऱ्या मुलांसाठी गावाकडून निघालेले जेवणाचे डबे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि दवाखान्याची वाट धरलेले रुग्ण याच गाडीने गेले. सवलतीच्या मासिक पासवर शिकलेल्या पिढ्या तर घरोघरी सापडतील. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासमुळे गावात वरचे वर्ग नसलेल्या मुलींनाही पुढची शाळा गाठता आली. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे बोधवाक्य त्यांच्या दृष्टीने पहाटेच्या गाडीइतके ठोस होते.

१५/
मग हिशेब बिघडला कुठे? १९५८च्या कायद्याने प्रवाशांवरील कर आला. पुढे हा कर एसटीसाठी १७.५ टक्क्यांपर्यंत गेला. नफ्याची वाट न पाहता सरकार उत्पन्नातूनच वाटा घेऊ लागले. १९८८च्या नव्या मोटार वाहन कायद्याने परवाने पुष्कळ सैल केले. लांबच्या मार्गांवर खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या वाढल्या आणि तालुक्याच्या रस्त्यांवर वडाप व काळी-पिवळी जीप. दोघांनीही नेमके तेच मार्ग आणि त्याच वेळा निवडल्या, जिथे उतारू भरपूर होते. एकत्र कुटुंबातील कमावता भाऊ वेगळा निघाला. घरातली खाती तोंडे मात्र तेवढीच राहिली.

१६/
पुढचे चक्र आगाराच्या कागदावर वाचता येते. तिथे प्रत्येक फेरीचे 'भारमान' नोंदलेले असते. भारमान घटलेली फेरी आधी कमी होते. दिवसाच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या की उतारू वडापकडे वळतो. मग उरलेल्या दोन फेऱ्यांचे भारमान आणखी घटते आणि त्याही बंद करण्याला आकड्यांचे समर्थन मिळते. कलम २२ने कलम १८वर मात करण्याची ही शांत रीत आहे. तिच्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही.

१७/
तुटीचा भार अखेर कर्मचाऱ्यांवर आला. वेतन अपुरे, तेही वेळेवर नाही. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. मुख्य मागणी होती महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. हे समजून घ्यायला पुन्हा १९५०च्या कायद्याकडे जावे लागते. त्याने महामंडळाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व दिले. त्यामुळे एसटीचा वाहक लोकसेवा करतो, सरकारी धोरण राबवतो, पण सरकारी कर्मचारी ठरत नाही. विलीनीकरण झाले नाही. संपाच्या महिन्यांत अनेक गावांची शेवटची गाडी मात्र थांबून राहिली.

१८/
त्यानंतर शासनाने दुसरी वाट रुंदावली. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला आणि मार्च २०२३पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देते. मानव विकास कार्यक्रमात तर मागास तालुक्यांतील मुलींच्या शाळेसाठी गाड्याच शासनाच्या निधीतून दिल्या गेल्या. पूर्वी पुण्या-मुंबईचा प्रवासी नकळत जी तूट भरत होता, तिचा काही भाग आता अर्थसंकल्पात उघडपणे दिसतो.

१९/
यात लाभ आहे तसा धोकाही आहे. लपलेले अनुदान कोणाच्या डोळ्यांत येत नव्हते. उघड अनुदान दरवर्षी मागावे लागते, ते उशिरा येऊ शकते आणि मतांच्या गणितात कमीजास्तही होऊ शकते. शिवाय सवलत तिकिटावर असते. गावाला येणारी फेरीच बंद झाली, तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? भरपाई प्रवाशागणिक मिळते, फेरीचे कर्तव्य मात्र कोणाच्याच हिशेबात नेमके बसत नाही.

२०/
पहिली एसटी धावली, त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. या काळात गाड्या लाकडी होत्या त्या धातूच्या झाल्या, निळ्या होत्या त्या लाल झाल्या आणि आता विजेवरही धावू लागल्या. कलम १८ आणि कलम २२ मात्र एकमेकांसमोर उभी आहेत. तोट्याच्या फेरीचे पैसे कोणी ना कोणी नेहमीच भरले आहेत: आधी महामार्गावरच्या प्रवाशाने, मग उशिरा पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्याने आणि आता काही अंशी करदात्याने. हे बिल कोणाचे, याचा निर्णय लांबत जातो, तेव्हा ते शेवटी गाडीची वाट पाहत फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या वाट्याला येते.